नावेचं तिसरं नाक

१

प्रसेनजित आपल्याच नावेत मेलेला सापडला आणि गावाने तासाभरात निकाल देऊन टाकला, की त्याने विष घेतलं. आमच्या गावात नळाला पाणी यायला चार दिवस लागतात, पण कोण कशाने मेलं हे दिवेलागणीच्या आत ठरतं.

मी शेषराव. पस्तीस वर्षं पोलिसात काढली आणि हवालदार म्हणून घरी बसलो. गुडघे गेले, दमा जडला, जीभ तेवढी शाबूत आहे. प्रसेनजित माझ्या वर्गातला. तो नौदलात खलाशी म्हणून गेला, वीस वर्षं समुद्रावर राहिला आणि पेन्शन घेऊन परत मोताळ्याकडे आला. मग करोनात त्याची बायको सुजाता गेली. ऑक्सिजनची टाकी मिळेपर्यंत तिचा श्वास संपला होता. त्या दिवसापासून ह्या माणसाला वाऱ्याचं वेड लागलं.

नळगंगेच्या धरणाकाठी, स्वतःच्या पडीक तुकड्यावर, त्याने एक शिडाची नाव बांधायला घेतली. जिथे मासेमारीच्या पत्र्याच्या डोंग्यांपलीकडे कुणी काही पाहिलेलं नाही, तिथे झोपायची केबिन असलेली नाव! लोक हसले. त्याने तिला 'सुजाता' नाव दिलं तेव्हा हसणं थांबलं.

उन्हाळ्यात पाणी आटलं की नाव काठावर लाकडी टेकूंवर उभी असे. त्या सोमवारी संध्याकाळी धाकटा भाऊ सहदेव शिडी चढून वर गेला, केबिनचं झाकण उघडलं, तर प्रसेनजित झोपायच्या फळीवर कुशीला वळून पडलेला, अंग गार. फळीखाली धान्यात टाकायच्या विषारी गोळ्यांची रिकामी नळी. पोलिसांनी नळी उचलली, पंचनामा केला आणि मोकळे झाले.

सातव्या दिवशी त्याची मुलगी धम्मशीला माझ्या ओसरीवर येऊन बसली. पुण्यात नोकरी करते, एरवी बोलण्यात पुण्याचं पाणी लागलेलं, पण त्या दिवशी तोंडातून गावचीच भाषा येत होती.

"काका, बाबांनं गोळ्या खाल्ल्या असतील तर त्या माह्यामुळं खाल्ल्या."

"काऊन?"

"मी म्हटलं व्हतं त्यायले, का तुमी नाव नाई, आईचं थडगं बांधून राह्यले. मी त्याच्यावर पाय ठेवणार नाई. मंग आठ दिवस फोन नाई उचलला. सोमवारी दुपारी तीन वेळा आला व्हता." तिने फोन माझ्यापुढे धरला. २.१०, २.१४, २.४०. "मले खरं पायजे, काका. वाईट असलं तरी चालंन. पन हे असं अर्धं नाई सहन होत."

मला वाटलं होतं की माझी तपासाची उमेद मेली. ती मेली नव्हती, नुसती निजली होती.

२

नावेवर चढताना माझी छाती भात्यासारखी वाजायला लागली. वर पोचून मी बसलो आणि धम्मशीलाला म्हणालो, "थांब. मले आधी श्वास घेऊ दे."

गेल्या दिवाळीत इथेच बसून प्रसेनजितने मला दोन तास श्वास शिकवला होता. नावेच्या पुढच्या भागात छपरावर दोन वाकडे पितळी भोंगे होते. गावाने त्यांचं नाव ठेवलं नाकं. प्रसेनजितलाही ते आवडलं. "पाण्यात नांगर टाकला का नाव आपसूक वाऱ्याकडं तोंड करते," तो म्हणाला होता. "एक नाक वाऱ्याकडं, ते श्वास घेते. दुसरं उलट्या तोंडाचं, ते सोडते. भोंग्याखाली पेटी हाय, पेटीत आडवी फळी. लाटेचं पानी फळीले अडून खाली गळून जाते आन् वारा फळीवरून आत येते. पन नाव जमिनीवर असली का तिले वळता येत नाई. मंग हा पंखा." उन्हाच्या, म्हणजे सोलरच्या पाटीवर फिरणारा हातभर पंखा होता तो. कपाटांची दारंसुद्धा त्याने सपाट न करता पट्ट्यापट्ट्यांची केली होती, म्हणजे आतल्या कोपऱ्यातही हवा फिरावी. "बंद हवा म्हंजे बुरशी, शेषराव. माह्या नावेत पापड ठेवून दाव, सादळला तर मिशी उतरवतो."

आता मी त्या केबिनमध्ये वाकून उतरलो. सात दिवस झाकण उघडं होतं, त्यामुळे आत फक्त उन्हाचा वास होता.

फळीच्या डोक्याशी लाकडावर पेन्सिलीने एक गोल काढलेला होता, मधोमध फुली. खाली त्याच्या पिशवीत मुंबईच्या भंगार बाजारातून आणलेला एक नवा भोंगा, चार स्क्रू आणि बसचं सोमवारचं तिकीट. म्हणजे सोमवारी दुपारी मुंबईहून उतरून हा थेट नावेवर आला आणि आल्या आल्या नव्या भोंग्याची जागा आखली.

"मरायला निघालेला माणूस भिंतीवर खिडकीची खूण करते का?" मी विचारलं. धम्मशीलाने त्या गोलावर हात ठेवला.

मग मी कोपरे पाहू लागलो. पट्ट्यांच्या दाराआड नावेच्या टोकाला एक कोठार होतं, रिकामं. त्याच्या उंबऱ्याशी एक पाल वाळून पडलेली. फळीखाली दुसरी. झाकणाच्या खाचेत रातकिडे, सात-आठ, सगळे पाय वर करून.

"पोरी, बापानं गोळ्या खाल्ल्या," मी म्हणालो, "तर पालींनं काय खाल्लं?"

मी पंख्याची तार हातात घेतली. सोललेली तांब्याची टोकं काळीठिक्कर पडली होती, जणू जळाली. पण आजूबाजूचं लाकूड कुठेही करपलेलं नव्हतं.

असं काळं तांबं मी एकदाच पाहिलं होतं, तीस वर्षांपूर्वी, सरकारी धान्य गोदामावर पहाऱ्याला असताना.

३

गोदामात धान्याच्या थप्प्यांना गोळ्या लावत. थप्पी कापडाने झाकायची, कडा मातीने दाबायच्या, दारं आठ दिवस बंद. गोळीला हवेतला ओलावा लागला की तिच्यातून वायू निघतो. किडे मरतात, उंदीर मरतात आणि कुणी चुकून आत गेलं तर माणूसही मरतो. दर खेपेला तिथला वायरमन शिव्या देई, कारण दिव्यांच्या तारा काळ्या पडत.

म्हणजे प्रसेनजितने काही खाल्लं नव्हतं. ह्या केबिनच्या हवेतच मरण होतं आणि ती हवा बाहेर जायला वाट नव्हती. पण दोन-दोन नाकं असताना वाट का नव्हती?

मी पुन्हा छपरावर चढलो. पुढच्या दोन्ही भोंग्यांच्या तोंडाला डासांसाठी जाळी होती आणि जाळीच्या घरांत वाळलेली माती अडकून बसलेली.

"कुंभारमाशी व्हय ती." आवाज खालून आला. सहदेव शिडीपाशी उभा होता. प्रसेनजितपेक्षा बारा वर्षांनी लहान, शेती करणारा, कमी बोलणारा. सात दिवसांत त्याचे गाल आत गेले होते. "भोक दिसलं का घर बांधते. मीच काडीनं काढलं. काऊन उकरून राह्यले शेषरावदादा? माणूस गेला. शांत राहू द्या ना त्याले."

"तू त्या दिवशी वर चढला तवा काही वास आला का रे?"

"मले काय समजते? मले उलटी झाली. तितंच पडलो."

"दुःखानं?"

"मंग कायनं?" असं म्हणून तो पाठ फिरवून निघून गेला.

मी नखाने जाळीतली माती काढून तळहातावर चुरडली. कुंभारमाशीचं घर मी आयुष्यभर पाहिलंय, दाराच्या चौकटीत, फोटोमागे, पोलिसठाण्याच्या बंद घड्याळातसुद्धा. ती चिखलाच्या गोळ्या आणते, दुसरं काही नाही. माझ्या तळहातावरच्या मातीत गव्हाच्या भुशाची बारीक कुसळं होती. शेणाचा हिरवट तंतूही होता.

मी धम्मशीलाला हात दाखवला. "कुंभारमाशी भुसा नाई कालवत, बाई. हे माणसाचं लिंपण हाय."

४

गावात संशय घ्यायचा झाला तर पहिलं नाव किसनरावाचं होतं. धरणातल्या मासेमारांचा तो म्होरक्या. प्रसेनजितच्या नावेने मागच्या हिवाळ्यात त्याची दोन जाळी फाडली होती आणि भर बाजारात किसनराव ओरडला होता, "तुही नाव तुयासगट बुडवतो का नाई बघ!" शंभर लोकांनी ऐकलेलं.

तो काठावर जाळं विणत बसला होता. मला बघून त्याने बिडी विझवली, माझ्या दम्याची तेवढी लाज राखली.

"मले माहीत व्हतं तुमी येसान," तो म्हणाला. "म्हटलं व्हतं मी, बुडवतो म्हून. मंग त्यानं दोनी जाळे सोता शिवून देल्ले, खलाशाच्या गाठीनं. आजून निंघाल्या नाईत त्या गाठी. तवापासून रोज इथी येऊन बसे. मी मासोळी साफ करो आन् तो नाकाजवळ नेऊन हुंगे. म्हने, किसन, आज तरी वास येईन का? करोनापासून नाक गेलं व्हतं त्याचं. सडेल मासोळीचाही वास नाई ये."

मी मनात कपाळावर हात मारला. त्या वायूला सडक्या मासळीसारखा, लसणासारखा उग्र वास येतो. कुणीही नाक दाबून बाहेर पळालं असतं. ज्याने नावेला नाकं लावली, त्याचंच नाक गेलेलं होतं.

"सोमवारी काय काय पाह्यलं तू?"

"अडीच-तीनले वादळ आलं, अवकाळी. धूळ, मंग चार थेंब. मी डोंगा वढून घेतला. त्याच्या नावेवर आधीपासूनच ताडपत्री ताणेल व्हती. तो येईन हे कोनाले माहीत नव्हतं, मंगळवारी येनार व्हता ना तो." किसनरावाने सुई खाली ठेवली. मग पाण्याकडे पाहत म्हणाला, "येक सांगू का? सहा वाजता सहदेवचा ट्रॅक्टर लागेल व्हता नावेपाशी. ट्रॉलीत पोते टाकून राह्यला व्हता. आन् बोंब मारली त्यानं साडेसातले."

"हे पोलिसाले काऊन नाई सांगतलं?"

"भाऊच भावाचं..." तो अडखळला. "मेल्यावर घर फोडायचं का मी? येक तर गेलाच."

धम्मशीला माझ्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

५

"सहदेवकाकांनं?" वाटेत ती एवढंच म्हणाली.

खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं आणि तोंड कडू झालं होतं. एक दीड तास. भावाचं प्रेत आत आणि हा पोती हलवतोय, नाकांतली माती खरवडतोय. पण एक गोष्ट बसेना. ज्याने माणूस मारायला पोती ठेवली, त्याला मंगळवारी येणारा माणूस सोमवारी येईल हे कसं कळलं? आणि गोळ्यांची नळी तो विसरला कसा?

मला प्रसेनजितचा मुंबईला जाण्याआधीचा फोन आठवला. "शेषराव, मागं बसायच्या फळीखाली तिसरं नाक लावलं. कोनाले दिसतबी नाई. आता हे बाई जमिनीवरही घोरंन."

आम्ही परत नावेवर गेलो. मागची बसायची फळी उचलली. खाली, हाताच्या अंतरावर, तिसरा भोंगा होता, तोंडापर्यंत लिंपलेला. सहदेवने पुढची दोन खरवडली, पण हे आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याला नावेचा राग, तो वर फिरकतच नसे.

लिंपण सुबक होतं. आमच्याकडे बाया कणगीचं तोंड बंद करतात तसं, काठाकाठाने बोटं फिरवून, शेवटी एक गुळगुळीत कमान. ओल्या शेणमातीत चार बोटांच्या चार रेघा उमटून वाळल्या होत्या. तीन लांब. मधलं बोट मात्र आखूड, पेरभर आधीच थांबलेलं.

त्या हाताने मी लहानपणापासून भाकरी खाल्ली आहे. प्रसेनजितची आई चांगुणामाय, वय अठ्ठ्याहत्तर. उजव्या हाताचं मधलं बोट कडबा कापायच्या यंत्रात पेरभर गेलेलं.

धम्मशीलाने फळी हळूच खाली ठेवली. ती तिच्या आजीचा हात माझ्याआधीच ओळखून होती.

सहदेवला आम्ही शेतातल्या गोठ्यात गाठलं. मी तिसऱ्या नाकाचं सांगितलं तसा तो कडब्यावर मटकन बसला.

"बोल," मी म्हणालो.

"माय दरसाली गावरान दादर जवारीचं बियानं राखते," तो जमिनीकडे बघत बोलू लागला. "औंदा अवकाळीनं घर गळलं, कणगीले वल धरली, सोंडे किडे लागले. मायच्या डोक्यात भाऊचं बोलनं बसेल. म्हने, प्रसेनजितच्या नावेत पापड नाई सादळत, तितं माही जवारी राहीन. तो मंगळवारी येते, तोवर चार दिवस ठेवू. मीच चार पोते नेऊन टाकले कोठारात. वरून ताडपत्री बांधली. मी वावरात गेलो, मायनं मांगून गोळ्या टाकल्या आन् सारे भोकं हुडकून लिंपले. गोळ्या घातल्या का तोंड लिंपायचं, तिले तेवढंच माहीत. कणगी का नाव, तिले काय फरक?"

"आन् प्रसेनजित एक दिवस आधी आला."

"हाव. बसथांब्यावरून सरका तिकडंच गेला. ताडपत्री पाहून वाटलं असंन, वादळासाठी भावानं बांधली. पंखा बंद, तर वाटलं असंन का पाटी झाकली म्हून. वादळ आलं, झाकन लावून झोपला." सहदेवचा आवाज फुटला. "झाकन उघडलं तं वासानं डोकं गरगरलं. सारं ध्यानात आलं. मायनं मारला म्हनतीन, दादा! अठ्ठ्याहत्तर वर्साच्या बाईले गाव म्हनंन, लेक खाल्ला! मी पोते काढले, माती खरवडली. नळी तेवढी नाई दिसली. पोलीस म्हने, यानं खाल्ल्या. मी म्हटलं, म्हनू द्या. मेलेल्या माणसाले काय लागते?"

"मले लागलं, काका," धम्मशीला म्हणाली. "सात दिवस मी सोताले खुनी समजून राह्यली."

सहदेवने वर पाहिलं. बहुतेक हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. भला माणूस खोटं बोलायला लागला की असंच होतं. तो एकाला झाकतो आणि दुसऱ्याला उघडं पाडतो.

"माफ कर मले, बाई," तो म्हणाला. "पन मायले नको सांगू. पाया पडतो. मरून जाईन ते."

६

धम्मशीला पुढे, सहदेव मागे, असे आम्ही घराकडे निघालो. मी तिला म्हणालो, "ठाण्यात मी जातो, तो कागद बदलून घेतो. घरात काय सांगायचं ते तू ठरव. कोणी तुले दोष देणार नाई."

खरं तर मी भ्यालो होतो. पस्तीस वर्षांत मी पुष्कळ आयांना पुष्कळ वाईट सांगितलंय, पण असं कधी नाही.

चांगुणामाय ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात सूप, सुपात डाळ, हात मात्र थांबलेला. सात दिवसांत ती रडली नव्हती. बाया म्हणायच्या, म्हातारीचं काळीज दगडाचं झालं. तिने मला बसायला सांगितलं नाही. सरळ नातीला विचारलं.

"नावेवर गेली व्हती म्हने?"

"हाव आजी."

"त्या गोळ्या मीच ठेवल्या व्हत्या तितं." ती सुपाकडे बघत म्हणाली. "बियान्यासाठी. नळीत चार उरल्या म्हून फळीखाली सारल्या. त्याच खाल्ल्या त्यानं. मी ठेवल्या नसत्या तं..."

म्हातारीलाही आपला वाटा ठाऊक होता, फक्त चुकीचा ठाऊक होता. सहदेव धम्मशीलाकडे बघून मान हलवत होता. नको, नको.

नळीत चार उरल्या, म्हातारी म्हणते. पण पंचांसमोर नळी रिकामी निघाली होती. मी सहदेवकडे पाहिलं. त्याने डोळे खाली घातले आणि पुटपुटला, "मायनं उरलेल्याही पोत्यातच पालथ्या केल्या व्हत्या. गोळ्यायची राख उरते पोत्यात, ते मोजली मी. तिले आठवत नाई." वय झालं की माणसाला केलेलं आठवत नाही, ठरवलेलं आठवतं.

धम्मशीला आजीसमोर जाऊन बसली. तिचे दोन्ही हात हातात घेतले, अर्ध्या बोटासकट.

"आजी, बाबांनं गोळ्या नाई खाल्ल्या."

"मंग?"

"त्या गोळ्यायची हवा असते. बंद जागेत माणूस मरते तिच्यानं. तू नाकं लिंपली व्हती. ते तितं झोपले. त्यायले वास येत नव्हता." तिने एका दमात सगळं सांगितलं, काहीही न गाळता. सहदेवने तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला.

चांगुणामाय बराच वेळ नातीच्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, हिला कळलंच नाही. मग तिने विचारलं, "म्हंजे त्याले मराचं नव्हतं?"

"नाई आजी. नवा भोंगा आनला व्हता. जागा आखून ठेवली व्हती."

"माह्यावर रागावून नाई गेला?"

"कोनावरच नाई."

म्हातारीने हात सोडवून घेतले आणि स्वतःच्या छातीवर मारले. "माह्या हातानं गेला! माह्या हातानं गेला माहा लेक!"

"माय, तुह्या डोक्यात नको घेऊ," सहदेव पुढे सरकला, "तुले काय माहीत..."

"चूप बे!" ती त्याच्यावर ओरडली. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. "तूनं माहीत असून सात दिवस मले सांगतलं नाई! सात दिवस मी मनातल्या मनात त्याले शिव्या देऊन राह्यली. म्हटलं, माय जिती असताना विष खाते, असा कसा कोडगा निंघाला. मेल्यावर शिव्या देल्ल्या मी त्याले! आन् त्याचा कायबी कसूर नव्हता!" तिचा श्वास अडकला, धम्मशीलाने पाठीवर हात ठेवला. "माहं पाप माह्या डोक्यावर राहू दे. म्हातारी हावो, नेईन किती दिवस. पन त्याच्यावर बट्टा नको."

आणि मग ती रडायला लागली. असं रडणं मी कधी ऐकलेलं नाही. सुपातली डाळ सगळी ओसरीवर सांडली. धम्मशीलाही रडत होती, आजीच्या खांद्यावर कपाळ टेकून. तिला बाप परत मिळाला होता आणि तो मेला आहे हेही पहिल्यांदा कळलं होतं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या बाया कामं टाकून धावत आल्या. दारात गर्दी झाली. कोणी विचारलं, "काय झालं बाप्पा? कोन गेलं?"

सहदेव उंबऱ्यावर बसला होता. त्याने मान वर केली.

"माहा भाऊ गेला," तो म्हणाला.